अर्ध्या टिकलीने बाहेर

खोलीत तावातावाने शिरलेल्या माणसाला नाना आधी स्टुलावर बसवत आणि पंधरा मिनिटे त्याच्याशी एक शब्दही बोलत नसत. मग तो शिफ्टचा सुपरवायझर असो, नाहीतर प्लँटचे मोठे साहेब. "बसा. तापमानाला या," एवढे म्हणायचे आणि आपल्या कामाकडे वळायचे.

चाकणच्या एका कंपनीतली ती मोजमापाची खोली. आम्ही तिला स्टँडर्ड रूम म्हणायचो. गाड्यांच्या इंजिनात बसणारे भाग तिथे तपासायला येत. बाहेर वैशाख असो की पौष, आत बारा महिने वीस अंश. मशीनवरून नुकताच उतरलेला भाग गरम असतो, धातू फुगलेला असतो, त्यामुळे तो आपला खरा आकार सांगत नाही. म्हणून आधी काही तास त्याला काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर निवू द्यायचे आणि मग मोजायचे. नानांचे म्हणणे, माणसाचेही तेच. "गरम मानसाचं रीडिंग घेऊ नये. खोटं येतं."

नाना गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला मी बाराव्या दिवशीच बसले होते. चार ओळी लिहिल्या आणि वही मिटली. मला तापमानाला यायला एवढा वेळ लागला.

ते चाकणजवळच्या एका गावातले. कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या भावकीचीच. जमीन गेली त्या बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळाली. नाना हेल्पर म्हणून लागले आणि केसाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे झाले. बोलणे मात्र गावचेच राहिले. परदेशी ग्राहकांचे लोक तपासणीला आले की साहेब घाबरत, नाना नाही. ते त्यांनाही स्टुलावर बसवत.

मी लातूरकडची. डिप्लोमा करून इकडे आले, चिखलीत खोली घेऊन राहिले. मोजमापात आपल्याला बरे कळते असा माझा समज होता. पहिल्या दिवशी मी एक भाग मोजून आकडा सांगितला, तर नानांनी विचारले, "किती वेळा घेतलं?"

"एकदा."

"मंग हे रीडिंग न्हाई. ही अफवा हाय."

प्रत्येक माप तीन वेळा घ्यायचे, तेही लागोपाठ नाही. मध्ये हत्यार खाली ठेवायचे, दुसरे काहीतरी करायचे, मग पुन्हा. तिन्ही जुळली तर आकडा लिहायचा. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ते माणसांनाही तसेच मोजत. एकच प्रश्न तीनदा विचारत, मध्ये भरपूर काळ जाऊ देऊन. "तुझं लातूरला घर कुठं गं?" हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात विचारले, मग दिवाळीत, मग पुढच्या पावसाळ्यात. विसरतात असे मला वाटायचे. ते विसरत नव्हते. तिसऱ्यांदा तेच उत्तर मिळाले की पुन्हा कधी विचारत नसत, आणि मग जन्मभर ते उत्तर धरून चालत.

खोलीच्या कोपऱ्यात लाल रंगाची लोखंडी पेटी होती. नापास भाग त्यात जायचा, संशय असलेला भागही त्यातच. पेटीला कुलूप, आणि किल्ली नानांच्या करदोड्याला. ती काढायची तर त्यांना शर्ट वर करावा लागे. ते सगळ्यांसमोर करत आणि त्यात त्यांना काही वाटत नसे. "डाउट म्हंजे लाल," हे त्यांचे वाक्य प्लँटमध्ये कुणाच्याही तोंडी असायचे. कँटीनमध्ये भाजी आंबलेली वाटली तरी कुणीतरी ताट सारून म्हणायचा, "डाउट म्हंजे लाल, नाना."

एकदा संध्याकाळी माल भरलेला ट्रक गेटवर उभा होता आणि नानांनी त्यातल्याच एका पेटीतला भाग लाल केला. मोठे साहेब स्वतः आले. नानांनी स्टूल पुढे केले, साहेब बसले नाहीत.

"नाना, ग्राहकाची लाइन बंद पडेल. अर्ध्या केसाचा फरक आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलाय की."

"मी सांगतो सोडा म्हणून. माझी जबाबदारी."

नानांनी टेबलाच्या खणातून एक कोरा फॉर्म काढला. नापास भाग सोडायचाच असेल तर त्यासाठी एक नोट लिहावी लागते. डेव्हिएशन नोट म्हणतात तिला. काय चुकले, किती चुकले, कुणी सोडले, का सोडले. खाली सही. एरवी ती कारकून टाइप करून आणायचा आणि कुणी वाचायचेही नाही. नानांनी फॉर्मवर पेन ठेवले. "लिवा साहेब. तुमच्या हातानं. माल जाऊ द्या, माझं काय म्हणणं न्हाई. पण का सोडला त्ये लिवा."

साहेबांनी पेन उचलले. पहिल्या तीन रकान्यांत लिहिले. 'का' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मी शेजारच्या टेबलाशी उभी होते, मला त्यांच्या कानाची पाळी लाल झालेली दिसत होती. बाहेर ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मग साहेबांनी फॉर्म चुरगळला, खिशात घातला आणि निघून गेले. ती पेटी ट्रकमधून उतरवली गेली.

"बघितलं?" नाना मला म्हणाले. "मानूस चूक सोडून देतो. का सोडली त्ये लिवता येत न्हाई त्याला."

तेव्हा मी हसले होते.

ताथवड्याच्या एका कॉलेजात मी नोकरी करता करता पदवी करत होते. तिथल्या फलकावर एक सूचना लागली. परदेशातल्या एका डोंगरावरची दुर्बीण आकाशाची छायाचित्रे घेते आणि ती तपासायला हौशी लोकांना पाठवली जातात. चार चित्रांचा एक संच. आकाशाचा एकच तुकडा, मध्ये काही मिनिटे सोडून चार वेळा टिपलेला. चारही चित्रे संगणकावर एकापाठोपाठ फिरवली की तारे जागच्या जागी राहतात, पण एखादा ठिपका सरकताना दिसतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. तो ठिपका म्हणजे त्यांतला एखादा लघुग्रह असू शकतो. बहुतेक वेळा तो आधीच कुणाला तरी सापडलेला असतो. कधीतरी नसतो.

दोघांचा गट लागत होता. मी नानांना विचारले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि किती फरक चालतो एवढेच विचारले, "टॉलरन्स किती?"

त्यांनी साहेबांची लेखी परवानगी घेतली आणि आम्ही जेवणाच्या सुट्टीत स्टँडर्ड रूमच्या संगणकावर चित्रे बघायला लागलो. गुरुवारी कंपनी बंद असते, तेव्हा दिवसभर बसायचो. नानांनी कधी दुर्बिणीला डोळा लावलेला नव्हता. लावायची इच्छाही नव्हती. "वर काय बघायचं? कंपन्यांच्या लायटीत चांदनी दिसत न्हाई. हितं दिसतंय की."

संगणकाच्या मापावर त्यांचा भरवसा नव्हता. तो हत्यार म्हणून ठीक, पण ताळा हाताचा हवा. "तुझ्याकडं टिकल्या हायेत का?" त्यांनी मला विचारले. मी पर्समधून पाकीट काढून दिले. त्यांनी सगळ्यात बारीक काळी टिकली निवडली आणि पडद्यावर पहिल्या चित्रातल्या ठिपक्यावर चिकटवली. मग दुसरी, तिसरी, चौथी. मग काळा दोरा घेतला, एक टोक मला धरायला दिले, एक स्वतः धरले आणि ताणून पडद्यावर टेकवला. शेतात सरी सरळ यावी म्हणून दोरी धरतात, तसा. एवढ्या थोड्या वेळात लघुग्रह सरळ रेषेतच सरकणार. दोरा चारही टिकल्यांवरून गेला तर पास. त्या महिन्यात माझी टिकल्यांची तीन पाकिटे संपली. घरी जाताना रिकाम्या कपाळाने जायचे.

शेवटच्या संचात आम्हाला आठ ठिपके दिसले. त्यांतला चार नंबरचा दोऱ्यावर नीट बसला. नानांनी तो वहीत लिहिला. सात नंबरचा मला पहिल्यापासून खुणावत होता. फार अंधूक, डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्यात फिकट ताऱ्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याइतका. पहिली टिकली दोऱ्यावर, दुसरी दोऱ्यावर, चौथी दोऱ्यावर. तिसरी अर्ध्या टिकलीने बाहेर.

"नाना, तिसऱ्या चित्रात तो एका ताऱ्याला चिकटलाय. ताऱ्याच्या उजेडानं मध्य ओढला गेला असेल."

"असंल."

"मग?"

"असंल म्हंजे डाउट."

"त्यांच्या सूचनांत तीन ठिकाणं जुळली तरी चालतात असं लिहिलंय."

"त्यांच्यात चालत असंल. माझी सही चारावर हाय."

त्यांनी दोरा गुंडाळला. वहीची शेवटची पाने त्यांनी लाल पेन्सिलीने कडा रंगवून ठेवली होती. सात नंबर त्या पानावर गेला.

अहवाल पाठवायची मुदत गुरुवारी संपत होती. नाना पाहुण्यांकडे साखरपुड्याला गेले होते. अहवाल तयार होता, खाली आम्हा दोघांची नावे होती, मला फक्त पाठवायचा होता. मी संच पुन्हा उघडला. सात नंबर चारही चित्रांत सरकत गेला. मी त्याची चारही ठिकाणे अहवालात चार नंबरच्या खाली टाइप केली. नावांना हात लावला नाही. मग पाठवला. वीस अंशाच्या खोलीत माझ्या तळहातांना घाम आला होता. मुदत संपत होती, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

काही आठवड्यांनी उत्तर आले. आमचा चार नंबर आधीच कुणाच्या तरी यादीत होता. पण दुसरा, सात नंबरचा ठिपका नवा होता, आणखी एका रात्री दुसऱ्या दुर्बिणीलाही दिसला होता. त्याला तात्पुरती ओळख मिळाली होती. वर्ष, दोन अक्षरे आणि काही आकडे, गाडीच्या नंबर प्लेटसारखी. ही बातमी मोडकीतोडकी करून मीच नानांना सांगितली. नवा लघुग्रह सापडला एवढेच मी म्हणाले, चारचे पुढे काय झाले ते सांगितले नाही. इंग्रजी पत्र त्यांनी हातात घेतले, दोन्ही नावे बोटाने चाचपली आणि परत दिले.

कंपनीने गेटवर फ्लेक्स लावला. कँटीनमध्ये पेढे वाटले. प्रेस शॉपचा फोरमन उठून उभा राहिला. "नाना, राव, आता तिकडं प्लॉटिंग पाडा. गुंठ्यागुंठ्यानं विकू. डांबरी रस्त्याला लागून."

"नाव काय ठेवणार पण?" दुसऱ्याने विचारले. "आमदारसाहेबांचं ठेवा. निदान पाण्याचा टँकर तरी येईल."

पुढाऱ्याचे नाव द्यायचे तर तो मरून शंभर वर्षे व्हावी लागतात, आणि मुळात नाव द्यायला अजून काही वर्षे आहेत, असे मी सांगितले. दगड पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, त्याचा मार्ग पक्का झाला पाहिजे, मग त्याला कायमचा क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाल्यावरच शोधणाऱ्याला नाव सुचवता येते.

"शंभर वर्षं?" फोरमन म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मग. आमदारबी नको आन् टँकरबी नको."

सगळे हसले. मग नानांना बोलायला लावले. ते कधी बोलत नसत. पेढ्याचा कागद हातात घडी करत म्हणाले, "एकच सांगतो. लाल डब्यातलं मी कदी बाहीर जाऊ दिलं न्हाई. म्हणून हे सापडलं."

टाळ्या वाजल्या. ते खाली बसले, माझ्याकडे झुकले आणि सहज विचारले, "आपला कोणता गं? चार नंबर ना?"

"हो," मी म्हणाले. "चार."

पहिले रीडिंग झाले. आणखी दोन येणार होती. कधी ते फक्त त्यांना माहीत होते.

नानांच्या घरामागे जुने खळे आहे. दोन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आल्या, तेवढे मधे उरले. कितीतरी वर्षांत तिथे मळणी झालेली नाही, पण मधोमध तिवडा अजून उभा आहे. मळणीच्या बैलांना बांधायचा तो खांब. नानांनी तिवड्याला सूर्य केले. भोवती बावन्न खुंट्या ठोकल्या, कारण आमच्या दगडाच्या एका फेऱ्याला साधारण बावन्न महिने लागतात, असे पहिल्या हिशेबात निघाले होते. शेतातला एक पांढरा गोटा चुन्याने रंगवून पहिल्या खुंटीशी ठेवला. दर महिन्याला तो एक खुंटी पुढे सरकवायचा. आतल्या बाजूला लहान गोल आखला, तो पृथ्वीचा. त्यावरून ते स्वतः चालत.

"मळणीत तिवड्याजवळचा बैल म्हातारा जुपतेत," ते मला सांगत. "त्याला चालायचं थोडं, त्यो रमतगमत जातो. कडंचा तरणा पळतो. वर समदं उलटं हाय बघ. आतला पळतोय आन् कडंचा निवांत."

आतला बाहेरच्याला गाठतो तेव्हाच बाहेरचा आपल्याला नीट दिसतो. ते साधारण सोळा महिन्यांनी एकदा. त्या वेळी कुणी पाहिला नाही, दोन-तीनदा असेच झाले, तर दगड हरवतो. असे कितीतरी हरवले आहेत.

पहिल्या वेळेला यादीत त्याची नोंद लवकर आली नाही. नाना रोज सकाळी कार्ड पंच करून आधी माझ्या टेबलाशी यायचे. काही विचारत नसत, नुसते उभे राहत. मी मान हलवायची. आठवडा गेला, तीन आठवडे गेले. त्यांचे जेवण कमी झाल्याचे काकी म्हणाल्या. काकी म्हणजे त्यांच्या पत्नी. गुरुवारी मी गेले की मला शेंगोळे करून घालायच्या. "येका दगडापायी झुरतंय मानूस," त्या म्हणाल्या. "पोरी, सापडंल ना गं?"

"सापडेल काकी," मी म्हणाले. आणि चिखलीला परत जाताना बसमध्ये मनातल्या मनात म्हटले की हरवू दे. हरवला तर तिसरे रीडिंग येणार नाही.

पाचव्या आठवड्यात नोंद आली. मी सांगितले तेव्हा नानांनी डोळे मिटले, क्षणभर टेबलाला धरले. मग नेहमीच्या आवाजात विचारले, "कोणता ठिपका व्हता गं त्यो? दोऱ्यावर नीट बसला व्हता न्हवं?"

"चार, नाना. बसला होता."

दुसरे रीडिंगही जुळले.

पुढे ते निवृत्त झाले. किल्ली करदोड्यातून सोडून माझ्या हातात दिली. ती अंगाच्या उबेने कोमट होती. त्यानंतर त्यांची मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून तीनदा पिंपरीला डायलिसिसला जावे लागायचे. गोटा सरकवायचे काम मात्र त्यांनी कुणाला दिले नाही. तो दगड दुसऱ्यांदा दिसला, तिसऱ्यांदा दिसला. मार्गाचा हिशेब घट्ट होत गेला. खळ्यातला गोटा एक फेरा संपवून पुढच्या फेऱ्याला लागला, आणि चौथ्या नोंदीनंतर असे पत्र आले की आता क्रमांक मिळायला फार वेळ लागणार नाही, नावाचा विचार करून ठेवावा.

मी गुरुवारी दुपारी गेले. ते खळ्यात बाजेवर बसले होते, पाय सुजलेले. नाव त्यांनी ठरवूनच ठेवले होते.

"वाघजाळी."

"म्हणजे?"

"आपली कंपनी हाय ना, त्या शेताचं नाव. समद्या शेतांना नावं व्हती. थोरली पट्टी, बिब्याचं, लवण. आमचं वाघजाळी. वाघ कुनी बघितला न्हाई तितं. नाव हाय म्हणून हाय. मंग कंपन्या आल्या, तवा प्लॉट नंबर पडले. आता कुनाला वाघजाळी म्हटलं तर कळत न्हाई." त्यांना दम लागला, ते थांबले. "शेताचं नाव गेलं आन् नंबर आला. ह्याला आधी नंबर येनार आन् मंग नाव. म्हटलं, ह्याला देऊ. नाव सोळा अक्षरांच्या आत लागतं न्हवं? बसतंय का?"

"बसतंय नाना."

"बरं." ते गोट्याकडे बघत होते. "कोणता ठिपका व्हता गं त्यो?"

आवाज तोच, कँटीनमधला. माझ्याकडे बघतही नव्हते. मी चार म्हटले असते तर ते उत्तर पक्के झाले असते आणि त्यांनी ते बरोबर नेले असते. मला ते नको होते की मला ते पेलत नव्हते, अजून सांगता येत नाही.

"सात," मी म्हणाले.

भिंतीपलीकडे कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, माणसांचा कालवा आला आणि ओसरला. मी सगळे सांगितले. साखरपुड्याचा गुरुवार, अहवाल, नावे. काकी चहा घेऊन आल्या, आमची तोंडे बघून तसाच परत घेऊन गेल्या.

"वही आण," नाना म्हणाले. "आन् टिकल्या."

माझ्या लॅपटॉपवर तो संच होता. त्यांनी पुन्हा चार टिकल्या लावल्या. दोरा धरला. तिसरी टिकली अर्ध्याने बाहेर. दोरा खाली ठेवला, थोडे थांबले, पुन्हा धरला. तीनदा. तिन्ही वेळा बाहेर.

"दोऱ्यावर बसत न्हाई," ते म्हणाले. "आन् हाय तर खरा. पाच वर्सं फिरतोय."

मग त्यांनी वहीचे लाल पान काढले आणि सात नंबरच्या समोर, एकेक अक्षर जोडत लिहिले: गेज चुकीचा. ठिपका बरोबर. माझी चूक. खाली सही, तारीख. याला त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. सगळी हयात ज्या गेजवर, म्हणजे मोजायच्या हत्यारावर, काढली तो चुकीचा होता, हे त्यांनी पाच मिनिटांत लिहून टाकले. लाल पेटीत मी किती बरोबर भाग टाकले असतील, असे काही ते म्हणाले नाहीत. पण नंतर कितीतरी वेळ दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले.

"हे माझं," वही माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "माझ्या खाली तुझी नोट लिव. काय सोडलं, कुनी सोडलं, का सोडलं. मंग नाव पाठव. तोवर न्हाई."

मी तिथेच बसून लिहिले. 'मुदत संपत असल्याने सात नंबरचा ठिपका नजरचुकीने नानांच्या संमतीशिवाय अहवालात गेला.' त्यांनी वाचले, 'नजरचुकीने'खाली बोट ठेवले.

"नजर चुकली व्हती?"

"नाही."

"मंग?"

मी खोडले. तिथे दोनदा पेन टेकवले आणि दोनदा उचलले. त्यांनी घाई केली नाही. "घरी ने. तापमानाला ये," म्हणाले.

त्यानंतर मी दर गुरुवारी जात राहिले. त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. धरला असता तर सोपे झाले असते. ते पूर्वीसारखेच बोलत, आणि मी निघताना विचारत, "लिवली?" मी लिहून नेलेली नोट वाचत आणि परत देत. एकदा मी लिहिले होते की शास्त्राच्या हिताचे म्हणून पाठवला. एकदा लिहिले की सूचनांप्रमाणे तीन ठिकाणे पुरेशी होती. "हे खरं हाय," ते म्हणाले. "पन ह्ये 'का' न्हाई." पुढे त्यांना वाचायला त्रास होऊ लागला, मग मी वाचून दाखवायची आणि ते मान हलवायचे. मोठ्या साहेबांचा चुरगळलेला फॉर्म मला त्या दिवसांत वारंवार आठवायचा.

संक्रांतीच्या आधी ते गेले. त्या महिन्याचा गोटा सरकवायचा राहिला होता. काकी म्हणाल्या, तू सरकव. मी हात लावला नाही.

क्रमांक गेल्या महिन्यात आला. सहा आकडी. नाव सुचवायला दहा वर्षांची मुदत आहे, म्हणजे मुदत संपत नाहीये, आता तेही कारण उरले नाही. वही माझ्यासमोर उघडी आहे. त्यांच्या तीन ओळी, त्यांची सही, खाली रिकामी जागा. वर लिहिले ते सगळे मी तापमानाला येण्यासाठी लिहिले. आज सकाळी मी पुन्हा टिकल्या लावून बघितल्या. दुसरे टोक धरायला कुणी नव्हते म्हणून ते चिकटपट्टीने लावले. तिसरी टिकली अर्ध्याने बाहेर आहे.

नोट अशी:

काय सोडले: सात नंबरचा ठिपका. तपासणीत नापास.

कुणी सोडला: मी. जाणून.

का: सहा वर्षे ते माझी रीडिंग तपासत होते आणि ते बरोबर असत. मला एकदा त्यांच्यापेक्षा बरोबर ठरायचे होते.

खाली मी सही केली. शेजारी, डेव्हिएशन नोटवर असतो तसा, 'मंजूर' असा रकाना आखला आहे. तो त्यांचा. तो तसाच ठेवला आहे.

येत्या गुरुवारी खळ्यात जाऊन गोटा सरकवायचा आहे. बारा खुंट्या मागे राहिल्या आहेत. मग नाव पाठवीन.